ढिगाऱ्याजवळची शांतता

सीमेवर तणाव होता आणि देशभर सायरनचे नि दिवे मालवायचे सराव होणार अशा बातम्या दिवसभर टीव्हीवर चालू होत्या, त्या उन्हाळ्यात माझ्या जावेनं मला न विचारता माझं नाव जिल्ह्याच्या स्वयंसेवक प्रशिक्षणासाठी देऊन टाकलं. स्वतःचंही दिलं होतं. "एकटीले मले बोर होते," ती म्हणाली, "दोघी जाऊ."

मी धरमपेठेतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सुट्या लागल्या होत्या, त्यामुळे सबबही नव्हती. माझे यजमान कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. ड्यूटीवरून आल्या आल्या त्यांनी हे ऐकलं आणि चपला काढता काढता विचारलं, "काहून जाऊन राहिली वं तू? बॉम्ब पडला तं झेलशीन का?" खरं सांगायचं तर माझ्या मनात देशभक्तीचा उमाळा वगैरे काही नव्हता. जावेशी वाईटपणा नको, एवढंच होतं.

प्रशिक्षण एका पत्र्याच्या हॉलमध्ये होतं. कोपऱ्यातला कूलर पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकत होता. शिकवायला एक निवृत्त अग्निशमन अधिकारी होते. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. बारीक अंगाचे, भुवया अर्ध्या जळलेल्या, त्या पुन्हा कधी नीट उगवल्याच नव्हत्या. मला वाटलं होतं, आल्या आल्या दोरखंड नि स्ट्रेचर हातात देतील. पण पहिल्या दिवशी सरांनी कायदाच शिकवायला घेतला आणि निम्मा हॉल जांभया देऊ लागला.

"कंटाळा येईल," सर म्हणाले, "पण कोणाच्या हुकमानं धावायचं हे माहीत नसलेला माणूस धावतो तेव्हा गर्दीत आणखी एकाची भर पडते, दुसरं काही होत नाही."

मग त्यांनी फळ्यावर चौकोन काढायला सुरुवात केली. वर केंद्र सरकार, त्याखाली राज्य, त्याखाली जिल्हा. १९६८ साली देशानं नागरी संरक्षणाचा कायदा केला तो युद्धं नुकतीच बघून झाल्यावर. नियम केंद्र करणार, पण राज्य सरकार ज्या भागासाठी ठरवेल तिथं नागरी संरक्षण दल उभं राहणार आणि त्यावर एक नियंत्रक असणार, बहुतेक ठिकाणी कलेक्टरच. दलात येणारे सगळे आपखुशीनं आलेले. पुढं लोकांच्या लक्षात आलं की घरं काही फक्त बॉम्बनं पडत नाहीत, म्हणून त्या कायद्यात दुरुस्ती करून पूर, भूकंप, अपघात हेही आत घेतलं. मधल्या काळात २००५ चा आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आला होता. "तो एकही जिल्हा सोडत नाही," सर म्हणाले. "प्रत्येक जिल्ह्याला एक प्राधिकरण, अध्यक्ष कलेक्टर. आज तुम्ही इथं बसला आहात ते त्याच्यामुळे."

जावेनं माझ्या वहीत पेनानं कूलरचं चित्र काढलं होतं. मीही अर्धवटच ऐकत होते. पण मग सर एक वाक्य बोलले आणि मी सरळ होऊन बसले.

"हा नागरी संरक्षणाचा कायदा लढाईबद्दल नाही. लढाई करायला सैन्य आहे. लढाई सोडून जे जे उरतं, ते सगळं या कायद्यात आहे."

भाषा शिकवणारी मी. एका वाक्यात किती मावू शकतं याचा मला थोडा अंदाज आहे. लढाई सोडून जे उरतं ते! सर एकेक सांगत गेले. आग विझवणं. जखमींना उचलणं. निरोप पोचवणं. गल्लीगल्लीत एक वॉर्डन, ज्याला कोणत्या घरात किती माणसं झोपतात हे ठाऊक आहे. बेघर झालेल्यांना जेवण. ढिगाऱ्यातून वाचेल ते सामान काढून सांभाळणं. आणि शेवटी, आवाज जराही न बदलता, मृतदेहांची ओळख पटवून त्यांच्या त्यांच्या धर्माप्रमाणे निरोप देणं. त्यासाठीही वेगळी तुकडी. हॉलमध्ये जांभया थांबल्या. कोणीतरी कधीतरी दिल्लीत एका टेबलाशी बसून आपल्या मरणाचाही शांतपणे विचार करून ठेवला आहे, हे ऐकून भीती वाटावी. मला उलट आधार वाटला. असा आधार कशाचा वाटतो हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट सरांनी त्या दिवशी जाता जाता सांगितली. नेमून दिलेलं काम सद्भावनेनं करताना काही उलटं झालं, तर कायदा तुमच्या पाठीशी उभा राहतो. "पण सद्भावना आणि आगाऊपणा यात फरक आहे," ते म्हणाले. "तो फरक म्हणजे प्रशिक्षण."

प्रशिक्षण संपलं. नारिंगी जॅकेट नि हेल्मेट मिळालं. ते दाराआडच्या खुंटीवर लटकलं आणि कॉलेज सुरू झालं.

दिवाळी होऊन गेली होती. हवेत नुकता गारवा आला होता. हुडकेश्वरला आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून केलेली वस्ती, अजून वसतोच आहे. एक घर राहतं झालं की शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू होतं. आमच्या मागच्या गल्लीत असाच एक खड्डा खोदत होते, तळघरासाठी. खड्डा फार खोल होता आणि शेजारच्या घराच्या फार जवळ होता. त्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, काकू आयुष्यभर अंगणवाडी सेविका. दोघांनी मिळून बांधलेलं दोन मजली घर, दर्शनी भिंतीवर निळा रंग, गच्चीवर पंचशीलाचा ध्वज. काकूंचा आवाज असा की त्या गल्लीच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाची मुलं रांगेत उभी राहत.

सकाळची वेळ होती. मला त्या दिवशी उशिराचं लेक्चर होतं. मी डबा भरत होते, तेवढ्यात पायाखालची फरशी थरथरली. ट्रक उलटला असं वाटलं. मग धूळ आली, खिडकीतून, पिवळट, घरभर. जाऊ धावत आली. "निळं घर बसलं," एवढंच म्हणाली.

आम्ही जॅकेट चढवून पोचलो तेव्हा निळा रंग कुठं दिसतही नव्हता. घर खड्ड्याच्या बाजूला कलून एकावर एक थर बसावेत तसं बसलं होतं. काका रस्त्यावर उभे होते. हातात दुधाची पिशवी. ते दूध आणायला गेले होते आणि काकू स्वयंपाकघरात होत्या. ते ओरडत नव्हते, रडत नव्हते. पिशवीतून दूध गळत होतं आणि ते बघत होते.

भोवती शेपन्नास माणसं जमली होती आणि प्रत्येकजण काहीतरी करत होता. कोणी विटा उचलून फेकत होतं, कोणी ढिगाऱ्यावर चढून हाका मारत होतं. खड्ड्यातला जेसीबी बाहेर काढून लोक त्याला ढिगाऱ्याकडे आणत होते. सगळे मदत करायला आलेले. जेसीबीचा हात वर उचलला गेला तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. कशी राहिले, मला खरंच माहीत नाही.

"ओ ताई, सरका ना बाजूले!" ड्रायव्हर ओरडला.

"मशीन लावायचं नाही. खाली माणूस आहे."

"माणूस आहे म्हनूनच तं लावून राहिलो!"

मागून लोक माझ्यावर ओरडू लागले. बाई दबली आहे नि ही मास्तरीण कायदा शिकवते, असंही कोणी बोललं. मी चुकत असले तर? मशीननं काकू लवकर निघाल्या असत्या आणि माझ्यामुळे राहिल्या तर? त्या क्षणी मला सरांचा तो कंटाळवाणा तास आठवला. वरचा एक थर हलला की माणूस ज्यात जिवंत असतो ती खालची पोकळी मिटते, हे पुढच्या तासांत मला शिकवलं गेलं होतं. मी हे माझ्या मनानं करत नव्हते. मी हलले नाही. जावेनं तोवर नियंत्रण कक्षाला फोन लावला होता आणि पत्ता, घर कसं पडलंय, आत किती जण, सगळं सांगितलं होतं. मग तीही येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. दोन नारिंगी जॅकेटं बघून ड्रायव्हरनं शेवटी इंजिन बंद केलं.

त्यानंतर जे घडलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. फळ्यावरचे चौकोन माणसं होऊन त्या गल्लीत येऊ लागले. आधी अग्निशमनची गाडी आली. मग वीज कंपनीचा लाइनमन आला, कोणी सांगायच्या आत खांबावर चढला आणि गल्लीची वीज तोडून उतरला. पोलिसांनी दोन्ही तोंडांना दोर बांधला. रुग्णवाहिका उलटी लावली गेली, निघताना वळवायला लागू नये म्हणून. महापालिकेचा अभियंता आला आणि त्यानं शेजारची दोन घरं रिकामी करवली. तहसीलदार बाईंनी जवळचं मंगल कार्यालय उघडायला लावलं. त्या घरांतली माणसं तिथं गेली तर चहा तयार होता. शेवटी बचाव दलाची गाडी आली आणि तीतून केशरी गणवेशातले जवान धावत नाही, झपाझप चालत उतरले. त्या गर्दीत कोणी कोणाला तू कोण असं विचारत नव्हतं. मी वर्षानुवर्षं सरकारी कार्यालयांत रांगा लावल्या आहेत, तेच हे सरकार का, असं मला वाटलं.

कलेक्टरही आले. ते ढिगाऱ्याजवळ गेले नाहीत. दलाच्या अधिकाऱ्याला एवढंच विचारलं, "तुम्हाला काय लागेल?" आणि एका बाजूला जाऊन फोन लावत उभे राहिले. या सगळ्यांच्या वर असलेला माणूस बाजूला उभा होता आणि काम ज्याचं त्याच्याकडे होतं.

दलाचे अधिकारी मूळचे साताऱ्याकडचे, उंच, मिशीवाले. त्यांनी ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारली, कुठंही पाय न ठेवता. मग तोंडात शिट्टी घेतली आणि एक लांब शिट्टी दिली.

"आता कोणीही बोलायचं नाही. फोन बंद. गाड्या बंद. पाय हलवायचा नाही."

मी या लेआउटमध्ये राहायला आल्यापासून इथं शांतता कधी ऐकलेली नव्हती. कुठं मिक्सर, कुठं टाइल कापायचं मशीन, कुठं लोखंड आपटणं. पोलिसांनी पलीकडच्या गल्ल्यांतही निरोप दिला होता. एकेक आवाज विझत गेला. लांब कुठंतरी एक पंप चालू होता, तोही थांबला. इतकी माणसं एका जागी उभी आणि कोणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. एका बाईच्या कडेवरचं बाळसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत गप्प होतं. मघाशी माझ्यावर ओरडणारी माणसं आता डोळे मिटून उभी होती. मी देवळात, विहारात, दीक्षाभूमीवर गर्दीत उभी राहिले आहे. अशी शांतता मी कुठं पाहिली नाही.

जवान ढिगाऱ्याच्या चारी बाजूंना वाकले होते. एकेकानं पाळीपाळीनं हाक दिली. "आत कोणी आहे का? ऐकू येत असेल तर ठोका."

पहिल्या बाजूनं काही नाही. दुसऱ्या बाजूनंही नाही. तिसऱ्या जवानानं हाक दिली आणि कान जमिनीला लावला. मग हळूच एक हात वर केला.

आम्हालाही ऐकू आलं. टक. टक टक. भांड्यावर काहीतरी आपटल्यासारखं.

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी ओरडलं नाही. काका मात्र खाली बसले, रस्त्यावरच, दुधात.

जवानांनी एका फटीजवळच्या विटा हातानं बाजूला केल्या, लाकडी टेकू लावले. अधिकाऱ्यांनी वळून विचारलं, "यांना ओळखणारं कोण आहे?" जावेनं मला पुढं ढकललं. "या फटीशी पडून राहा आणि बोलत राहा," ते मला म्हणाले. "त्यांना झोपू द्यायचं नाही. बाकीचं आमच्यावर सोडा."

मी पोटावर आडवी झाले. फटीतून सिमेंटचा नि फोडणीचा वास येत होता.

"काकू, मी आहे. मागच्या गल्लीतली. कॉलेजवाली."

बराच वेळ काही नाही. मग तो आवाज आला, ज्याच्या धाकानं मुलं रांगेत उभी राहायची. आता चिरका, धुळीनं भरलेला. "मॅडम? गॅस बंद आहे का पाहा वं. कुकर लावला होता मी."

"बंद आहे काकू. सगळं बंद केलं."

"त्यायनं बीपीची गोळी घेतली का?"

मी मान वळवून मागच्या जवानाला विचारलं. ढिगाऱ्यातलं एकेक घमेलं हातोहात बाहेर जात होतं, माणसांची रांग लागली होती. त्या रांगेतून तो प्रश्न मागं गेला. बिहारी वाटणाऱ्या एका जवानानं तो तसाच्या तसा पुढच्याला सांगितला, "गोली घेतली का", त्यानं अग्निशमनवाल्याला, त्यानं पोलिसाला, आणि गल्लीच्या तोंडाशी खुर्चीवर बसवलेल्या काकांपर्यंत तो पोचला. उत्तर त्याच रांगेतून परत आलं. घेतली. जावेनं नंतर सांगितलं की घेतली नव्हती, प्रश्न आल्यावर तिनं मेडिकलमधून आणवून समोर बसून घ्यायला लावली.

दुपार चढली. आम्ही खूप काही बोललो. काकूंनी मला अंगणवाडीतल्या खिचडीची रीत सांगितली, आमच्या लेआउटमधल्या कोणाची पोरं लहानपणी किती हट्टी होती ते सांगितलं. त्यांचा एक पाय तुळईखाली होता. तो दुखतो का विचारलं तर म्हणाल्या, "पाय कुठं आहे तेच समजून नाही राहिलं." मग त्या थांबल्या. मला भीती वाटली. मी हाका मारू लागले तेवढ्यात आतून पुटपुटणं ऐकू आलं. बुद्धं सरणं गच्छामि. अगदी हळू, श्वास घेत घेत. तिसऱ्यांदा म्हणून झालं की पुन्हा पहिल्यापासून. वर काँक्रीट कापायचं मशीन सुरू होत होतं, बंद होत होतं. ते बंद झालं की ते शब्द वर यायचे आणि काम करणारी माणसं, कुठल्या कुठल्या गावची, कुठल्या कुठल्या धर्माची, हात न थांबवता ते ऐकत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा काकू बाहेर आल्या. स्ट्रेचरवर पांढऱ्या धुळीनं माखलेली एक लहानशी बाई. हातात अजून पळी धरलेली. त्या पळीनंच त्यांनी कुकर ठोकला होता.

मग मात्र गल्ली ओरडली. मी ओरडू शकले नाही. माझा घसा बसला होता. घरी आले तेव्हा यजमान दारात उभे होते. त्यांना कारखान्यात कोणीतरी व्हिडिओ दाखवला होता. माझ्या कोपरांना खरचटलं होतं, ते त्यांनी पाण्यानं धुऊन दिलं.

काकूंचा पाय वाचला, पण ताठ राहिला. त्यांना त्याच लेआउटमध्ये तळमजल्यावरची खोली भाड्यानं मिळाली. घराची भरपाई, खड्डा खोदणाऱ्यावरची केस, हे सगळं अजून चालू आहे आणि त्याचा शेवट कसा होईल ते मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नवीन तुकडीचं प्रशिक्षण होतं. सरांनी मला बोलावलं. मी काकूंनाही नेलं, वॉकरसकट. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि आम्हा दोघींना नव्या तुकडीला त्या दिवसाबद्दल सांगायला सांगितलं. मी आधी बोलले. त्या शांततेबद्दल सांगताना मी नेहमीप्रमाणे रंगून गेले. अख्खा लेआउट कसा एका माणसासाठी गप्प उभा राहिला, हे सांगितलं.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "ते तुमाले तसं वाटलं," त्या म्हणाल्या. "मले आतून तुमचे समद्यायचे आवाज येत होते पहिल्यापासून. मशीन, लोकं, हाका. मी ओरडून राहिली होती, पण कोनाले ऐकू जात नव्हतं. अन् मंग एकदम समदं बंद झालं. मले वाटलं, झालं. गेले समदे घरी. मी मेली असं समजून निघून गेले."

त्यांनी वॉकर जवळ ओढला.

"हाक येईपर्यंतचा तो वेळ लय मोठा होता, मॅडम. घर पडलं तवा मी भेली नव्हती. तवा भेली."

आम्ही बाहेर हात जोडल्यासारखे उभे होतो, आणि आमच्या पायाखाली ही बाई समजत होती की जगानं तिला सोडून दिलं. सर खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली. "इतकी वर्षं शिकवतो आहे," ते म्हणाले. "आतून ही शांतता कशी वाटते, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं."

त्या दुपारच्या सरावात त्यांनी एक गोष्ट बदलली. मैदानात जुने पाइप नि फरश्या रचून ढिगारा केला होता. शिट्टीच्या आधी एका प्रशिक्षणार्थीनं ढिगाऱ्याकडे तोंड करून सांगायचं, की आम्ही इथंच आहोत, कुठं गेलो नाही, आता तुमचं ऐकायला गप्प बसतो आहोत. पहिला एक दाढीवाला तरुण उभा राहिला आणि लाजत, फरश्यांकडे बघून, स्वतःशी बोलल्यासारखा ते वाक्य म्हणाला.

काकूंनी वॉकर जमिनीवर आपटला.

"जोरानं म्हन गा! आत कुकरच्या मागं ऐकू जाते का असं?"

तो तरुण दचकला, ताठ झाला, आणि त्यानं छाती भरून घेतली.